सहा बोटं गॅस, चार वीत हवा

नाचणगावात कोणाच्याही घरचं लग्न असो, गॅसबत्ती पेटवायची ती अण्णाजींनीच. नवरदेव उशिरा आला तर चालायचं, अण्णाजी उशिरा आले तर मांडवात अंधार. टाकीत रॉकेल, जाळीला काडी, आणि मग बत्ती दोन पायांत धरून दणादण हवा. फुस्स, फुस्स, फुस्स. जाळी आधी लाल व्हायची, मग पिवळी, मग अशी पांढरीफेक की पोरंसोरं डोळे झाकायची. जरा उजेड मंदावला की मांडवातून कोणीतरी ओरडायचं, "अण्णाजी, हवा मारा!" आणि अण्णाजी मिशीतल्या मिशीत हसत उठायचे. तीस वर्षं हेच. त्यामुळे जगात जे काही मंदावतं त्यावर हवा मारणं हाच इलाज, हे त्यांच्या डोक्यात खुंटा ठोकल्यासारखं पक्कं बसलं होतं. स्टोव्ह मंदावला, हवा मारा. सायकल जड चालते, हवा मारा. जावई रुसला तर त्यालेही हवाच भरा लागते, असं ते वर म्हणायचे.

तसा माणूस वाईट नव्हता हो. गावाबाहेर वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबिरीची बाग, रोज सकाळी पुलगावच्या बाजारात भाजी, आणि घरी अनुसयाबाई. बायकोवर जीव होता त्यांचा. तोंडानं कधी बोलले नाहीत, बोलायची रीतच नव्हती, पण जीव होता. अनुसयाबाईंनी पंचवीस वर्षं कापसाच्या पऱ्हाट्या आणि शेणाच्या गोवऱ्या फुंकल्या होत्या. डोळे कायम लाल, कायम पाझरते. पंचेचाळिशीतच सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टरनं सांगितलं, बाई, थेंब घाला की मलम घाला, धूर बंद झाल्याशिवाय काही खरं नाही. त्या दिवसापासून अण्णाजींनी मनात घेतलं, आणि ऐंशी सालच्या उन्हाळ्यात गुरांच्या कोठ्यामागे गोबरगॅस बांधून घेतला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत विहिरीसारखा गोल खड्डा, त्यात शेण कालवून भरलेलं. त्यावर लोखंडी टाकी उपडी ठेवलेली, भाजीवर झाकण ठेवतात तशी. शेणातून गॅस निघतो, टाकीखाली जमतो आणि टाकीला वर उचलतो. टाकी जेवढी वर, तेवढा गॅस पोटात. टाकीच्या डोक्यावर एक कॉक, तिथून पाइप थेट सैपाकघरातल्या चुलीपर्यंत. पहिल्यांदा निळा जाळ पेटला तेव्हा अनुसयाबाई धूर नसतानाही रडल्या. अण्णाजी म्हणाले, "आता काऊन रडतं व?" आणि स्वतःच बाहेर जाऊन उपरण्यानं नाक पुसून आले.

त्या वेळी वर्ध्याच्या गोबरगॅस केंद्राचे प्रभाकरराव स्वतः हजर होते. हेच गावोगाव फिरून टाक्या बसवून द्यायचे. जाळ पेटवायच्या आधी त्यांनी टाकी दोनदा भरू दिली आणि दोन्ही वेळा कॉक उघडून सगळा गॅस वाऱ्यावर सोडून दिला. अण्णाजींचा जीव तीळतीळ तुटला. एवढं शेण कालवलं ते काय कावळ्यांसाठी? पण कारण विचारायचं, तर अण्णाजी कुठले विचारायला! गॅसबत्तीवाला माणूस, गॅसचं कारण दुसऱ्याला विचारील होय? 

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, काही अडलं नाही. पौष लागला आणि टाकी बसली. थंडीत शेण लवकर कुजत नाही, गॅस कमी निघतो, ही जगाची रीत. संध्याकाळच्या भाकरीला जाळ मरतुकडा व्हायचा आणि अनुसयाबाई मुकाट्यानं उठून जुन्या चुलीत पऱ्हाटी सारायच्या. पुन्हा धूर, पुन्हा ते पाझरणारे डोळे. प्रभाकररावांनी सांगून ठेवलं होतं की शेण कोमट पाण्यात कालवा, टाकीभोवती कुटार, म्हणजे भुसा, रचा आणि जरा दम धरा. कोमट पाणी झालं, कुटार झालं. दम मात्र अण्णाजींच्या सात पिढ्यांत कोणालाच नव्हता.

एका दुपारी अनुसयाबाई बागेत गेल्या होत्या. अण्णाजींनी सायकलचा पंप काढला, टाकीच्या कॉकला रबरी नळी लावली आणि मारली हवा. तीनशे वेळा दांडा खालीवर केला. खांदे भरून आले. पण टाकी हलली! मोजून चार बोटं वर आली. संध्याकाळी जाळ पेटला तो कसा? पिवळी जीभ गेलेली, निळाशार, तरतरीत. अनुसयाबाई म्हणाल्या, "आज बरा चालून राह्यला जी." अण्णाजी नुसते हुं म्हणाले, पण त्यांची छाती वीतभर फुगली. खरं सांगायचं तर त्या दिवशी टाकीत गॅस दोन वीत होता आणि हवा फक्त चार बोटं, म्हणून ते निभावलं. नशिबानं निभावलं त्याला माणूस आपली हुशारी म्हणतो, त्याला काय करणार.

मग ते रोजचंच झालं. रोज दुपारी गुपचूप तीनशे वेळा. गावात बोभाटा झाला की सगळ्यांच्या टाक्या बसल्या, पण अण्णाजींची पौषातही चालते. शेजारचा तानबा विचारी, "का करता जी तुमी?" अण्णाजी म्हणत, "हाताचा गुण हाये बावा." बोभाटा वर्ध्याला पोचला आणि प्रभाकररावांचं कार्ड आलं. येत्या रविवारी दहा वाजता आष्टीकडचे चाळीस शेतकरी घेऊन येतो, थंडीत चालणारा गॅस त्यांना डोळ्यांनी बघू द्या, वहिनींच्या हातचा चहा त्याच गॅसवर होऊ द्या. अण्णाजींनी ते कार्ड खिशात घालून अर्ध्या गावाला दाखवलं.

रविवारी सकाळी ते तोंड धुऊन टाकीपाशी गेले आणि मटकन खाली बसले. टाकी तळाला! आदल्या दिवशी अनुसयाबाईंनी पाहुण्यांसाठी दिवसभर चिवडा अन् शेव केली होती, सगळी गॅसवर. त्यांचीही चूक नाही, नवऱ्याची शान राखायची म्हणूनच केलं त्यांनी. टाकीच्या पोटात उरला होता जेमतेम सहा बोटं गॅस. चाळीस माणसं येणार, आणि टाकी अशी बसलेली म्हातारी! पंपानं चार बोटांना तीनशे दांडे. टाकी पुरती वर आणायची तर सकाळची संध्याकाळ झाली असती.

पण डोकं चाललं. कशाला चाललं कोण जाणे, पण चाललं. त्यांनी तानबाला हाक मारली आणि आणखी चार गडी बोलावले. टाकीच्या कड्यांत दोर बांधले, पाइप सोडवून कॉक पुरता उघडला आणि सहाजणांनी हैसा हैसा करत टाकीच वर ओढली. कॉकमधून हवा आत शिरली, हूऽऽऽ असा लांबलचक आवाज करत. चार वीत टाकी वर आली तसा अण्णाजींनी कॉक बंद केला, दोर सोडले. टाकी तरंगत उभी राहिली, जशी काही ऐन वैशाखात भरली आहे. पाइप पुन्हा जोडला. आत सैपाकघरात याचा कोणाला पत्ताही नव्हता.

तानबानं विचारलं, "अण्णाजी, हे आतमंदी काय गेलं जी?"

"हवा. बत्तीत नाई का मारत आपण?"

"व्हय ना बाप्पा," तानबा म्हणाला. त्यालाही पटलं. न पटायला काय झालं, तीस वर्षं तोही त्याच उजेडात जेवला होता.

दहाचा सुमार झाला आणि ट्रक आला, मागून केंद्राची जीप. चाळीस पाहुणे, हार, गुलाल, सगळं. प्रभाकरराव उतरले आणि आधी लांबूनच टाकी पाहिली. "अण्णाजी, कमाल आहे तुमची! पौषात एवढी वर?" अण्णाजींनी हात जोडले. नवं धोतर, डोक्याला फेटा. आंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. सैपाकघराचं दार आंगणातच उघडत होतं, अण्णाजी त्याच्या अलीकडे सात-आठ पावलांवर उभे होते. दारातून अनुसयाबाई दिसत होत्या. हिरवं लुगडं नेसलेल्या, चुलीवर चाळीस माणसांच्या चहाचा मोठा गंज ठेवून, हातात आगपेटी घेऊन बसलेल्या. प्रभाकररावांनी इशारा केला की पेटवायचं, असं ठरलं होतं. पाहुण्यांच्या दोघी-तिघी बायका त्यांच्याजवळ कौतुकानं उभ्या होत्या.

प्रभाकररावांनी चार शब्द सांगितले. मग पाहुण्यांतल्या एक वयस्क बाई, रुख्माबाई म्हणून, त्यांनी विचारलं, "साहेब, आमच्याकडे टाकी बसवली तं पह्यलाच गॅस सोडून द्या लागते म्हणते. काऊन जी? शेण का फुकटचं हाये?"

अण्णाजींचे कान टवकारले. हा तर त्यांच्याच पोटातला प्रश्न. चला, आज आयतं ऐकायला मिळतंय.

"चांगलं विचारलंत," प्रभाकरराव म्हणाले. "हे बघा, गॅस एकटा कधी जळत नाही. त्याला हवेतला प्राणवायू लागतो. आपल्या टाकीत निव्वळ गॅस, प्राणवायू नाही, म्हणून टाकी सुखरूप. गॅस चुलीच्या तोंडाशी येतो, तिथं त्याला हवा भेटते, तिथंच जाळ होतो. जाळानं आत शिरायचं म्हटलं तरी आत त्याला खायलाच काही नाही. पण नवी टाकी ठेवली की तिच्यात आधीची हवा कोंडलेली असते. ती गॅसात मिसळते. म्हणून दोनदा सोडून द्यायचं."

"हवा मिसळली तं का होते?" कोणीतरी विचारलं.

"थोडी मिसळली तर काही होत नाही. गॅस भारी पडतो. हवाच हवा असली आणि गॅस चिमूटभर, तरीही पेटत नाही. पण मधलं एक माप आहे, ते वाईट. एक गडवा, म्हणजे एक तांब्या, गॅस आणि सात, आठ, नऊ गडवे हवा. असं टाकीत झालं, की इकडे काडी लावली आणि जाळ पाइपातून उलटा धावला म्हणून समजा. डोळ्याचं पातं लवायच्या आत टाकीत."

"मंग?"

"मग टाकी टाकी राहत नाही. तोफ होते."

लोक हसले. अण्णाजीही हसले, सगळे हसले म्हणून. आणि हसता हसता त्यांचं डोकं आपसूक मोजायला लागलं. भाजीवाल्याचं डोकं, मोजल्याशिवाय राहत नाही. एका वितीची बारा बोटं. चार वितीची अठ्ठेचाळीस. खाली गॅस सहा बोटं. सहाला अठ्ठेचाळीस. सहा आठे अठ्ठेचाळीस.

आठ गडवे.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ती कशी सरकते हे त्यांना त्या घडीला कळलं.   प्रभाकररावांचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द येत नव्हते. टाकी आठ गडव्यांची. पाइप आठ गडव्यांचा. आणि पाइपाच्या दुसऱ्या टोकाला अनुसया, हातात आगपेटी घेऊन.

आता तुम्ही म्हणाल, ओरडायचं ना! मीही म्हणतो, ओरडायचं. एक हाक मारायची, "अनुसये, थांब!" बस्स. सात-आठ पावलं. पण चाळीस माणसं बसली होती हो. त्यांच्यासमोर प्रभाकरराव, मागे अख्खं गाव. ओरडलं की लोक विचारणार, काऊन? मग सांगावं लागणार की थंडीत चालणारा गॅस नाही, हवा आहे. हाताचा गुण नाही, सायकलचा पंप आहे. तीस वर्षं ज्या माणसानं मांडवामांडवात उजेड केला, तो चाळीस पाहुण्यांसमोर येडपट ठरणार. अण्णाजींची दातखीळ बसली. आणि त्याच वेळी त्यांना एक युक्ती सुचली. मेली ती युक्ती. टाकीवरचा कॉक बंद केला तर? गॅस येणारच नाही, चूल पेटणारच नाही, कोणाला काही इजा नाही. म्हणायचं, पाइपात कचरा अडकला. थोडी फजिती होईल, पण थोडीच. ना रडं, ना बोभाटा.

ते वळले आणि टाकीकडे चालू लागले. कोठ्याला वळसा घालून चाळीस पावलं. पळाले नाहीत, पळालं तर लोक बघतील. वाटेत आष्टीकडचा एक म्हातारा टाकी न्याहाळत उभा होता. तो म्हणाला, "साजरी टाकी हाये बाप्पा!" आणि अण्णाजींनी, आता काय म्हणावं या माणसाला, थांबून त्याला हात जोडले. मागून प्रभाकररावांचा आवाज आला, "वहिनी, होऊ द्या चहा!" तेव्हा मात्र ते धावले. खड्ड्याच्या कठड्यावर चढले, कॉक धरला, गर्रकन फिरवला. बंद. हुश्श झालं.  झालं, वाचलो, असं ते स्वतःशी म्हणाले.

आणि घरातून आवाज आला. फटाक्यासारखा नव्हे. पोत्यात कोंबून तोफ उडवावी तसा, दबका आणि जड. पायाखालचा पाइप थरथरला. आणि मग बायकांच्या किंकाळ्या.

आत काय झालं ते त्या बायकांनी मागाहून सांगितलं. अनुसयाबाईंनी चुलीचा कॉक उघडला, सूंऽ करत गॅस आला. पहिली काडी मोडली. दुसरी पेटायच्या आत ते सूं थांबलं. अण्णाजींनी तिकडे कॉक बंद केला होता ना! हे काय झालं, म्हणून त्या वाकल्या, चुलीच्या तोंडाशी चेहरा नेऊन पाहू लागल्या आणि पाहता पाहता तिसरी काडी ओढली. टाकी बंद झाली होती, पण चाळीस पावलांचा पाइप आठ गडव्यांनी भरलेला होता. तो मोकळा व्हायला एक काडी पुरली.

अण्णाजी पोचले तेव्हा गंज कलंडलेला, चुलीची रबरी नळी फाटून लोंबणारी, केस जळाल्याचा घाण वास. अनुसयाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. भुवया नव्हत्या. पापण्या नव्हत्या. कपाळ आणि गाल लालबुंद, उजव्या हाताची कातडी सुटलेली, डोळे गच्च मिटलेले. त्या ओरडत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "दूध सांडलं का जी सारं? पाहुणे बसले हायेत."  

प्रभाकरराव धावत आले. त्यांनी पाहिलं, फाटलेली नळी हुंगली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "कोणी बिडी पेटवू नका! सगळे बाहेर, रस्त्यावर! टाकीचा कॉक कोणी बंद करा!"

"केला," अण्णाजी म्हणाले.

"कोणी?"

"म्या."

"कधी?"

"आताच. आवाज व्हाच्या आंधी."

प्रभाकररावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि भर आंगणात त्यांना मिठी मारली. "अण्णाजी, तुम्ही चाळीस माणसं वाचवलीत. कॉक उघडा असता तर टाकी गेली असती. त्या टाकीच्या चिंधड्या इथं आंगणात आल्या असत्या." लोक बघतच राहिले. मघाचा तो म्हातारा पुढे आला आणि वाकून अण्णाजींच्या पायाला हात लावू लागला. अण्णाजी पाय मागे घ्यायचेही विसरले. "पण हवा गेली कशी टाकीत?" प्रभाकरराव म्हणाले. "टाकी काही नवी नाही, आठ-नऊ महिने चांगली चाललेली. तुम्हाला काही कल्पना?"

तानबा तिथंच उभा होता. त्यानं अण्णाजींकडे पाहिलं. अण्णाजींनी त्याच्याकडे पाहिलं.

"ठाऊक नाई जी," अण्णाजी म्हणाले. तानबानं मान खाली घातली.

जीप होती म्हणून बरं. पुलगावला पट्टी बांधून तडक सेवाग्रामचा दवाखाना गाठला. डॉक्टरनं तपासलं आणि म्हणाला, बाईनं डोळे वेळेवर मिटले, बुबुळं वाचली. पण पापण्या जळाल्या आहेत, आठ दिवस पट्टी राहील, हात बरा व्हायला महिना लागेल. अण्णाजी खाटेशी बसले ते उठले नाहीत. घोटभर पाणी भरवत, माशी वारत. ज्या डोळ्यांसाठी हा सगळा खटाटोप केला त्यांवर पांढरी पट्टी, आणि ती आपल्या हातानं बांधल्यासारखी. रोज ठरवायचे, आज सांगू. रोज कोणीतरी भेटायला यायचं आणि म्हणायचं, भाग्याच्या हो तुम्ही अनुसयाबाई, असा नवरा मिळाला. आणि सांगायचं राहून जायचं. कौतुकानंही माणूस गुदमरतो, हे त्यांना या वयात शिकायला मिळालं.

चौथ्या दिवशी प्रभाकरराव आले. संत्री घेऊन आले, खाटेशी बसले, वहिनींची विचारपूस केली. मग म्हणाले, "एक चांगली बातमी आहे. सव्वीस जानेवारीला आपल्या केंद्रात अण्णाजींचा सत्कार आहे. शाल, नारळ. मी सगळीकडे सांगतोय, प्रसंगावधान असावं तर असं."

 शाल! अण्णाजींना वाटलं, खाटेखाली शिरावं.

"कायची शाल जी?" अनुसयाबाईंनी पट्टीआडून विचारलं.

"त्यांनी वेळेवर कॉक बंद केला ना, त्याची."

"हो का," त्या म्हणाल्या.  प्रभाकरराव उठले, येतो म्हणाले, गेले.

 मग अनुसयाबाई म्हणाल्या, "अजी, एक इचारू का?"

"इचार ना."

"कॉक बंद करा लागते, हे तुमाले कसं समजलं?"

  चार दिवसांत हा प्रश्न गावानं विचारला नव्हता, डॉक्टरनं विचारला नव्हता, प्रभाकररावांसारख्या शिकलेल्या माणसाला सुचला नव्हता. पट्टी बांधलेल्या बाईला सुचला. आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती, आणि खरं म्हणजे ताकदही उरली नव्हती. अण्णाजींनी सांगितलं. सायकलचा पंप, तीनशे दांडे, दोर, तानबा, सहा बोटं, अठ्ठेचाळीस बोटं. सगळं. सांगता सांगता रडले. "मले ठाऊक नव्हतं व अनुसये. तुह्या डोळ्यांची आण, मले ठाऊक नव्हतं."

"हवा भरली तवा ठाऊक नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "ते समजलं मले. त्याचं काई नाई. पण साहेब बोलून राह्यले होते तवा तं समजलं होतं ना?"

"हो."

"तवा तुमी कुठीसा होते?"

"दारापाशी."

"मी दिसून राह्यली होती?"

"हो."

अनुसयाबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. पट्टीमुळे त्या रडत होत्या का हे कळायला मार्ग नव्हता. "मंग मले हाक काऊन नाई मारली जी?"

"लोकं हासले असते," अण्णाजी म्हणाले. आणि म्हटल्याबरोबर ते वाक्य त्यांनी स्वतः ऐकलं. आजवर आयुष्यात त्यांना एवढा धक्का कशानंच बसला नव्हता, त्या आवाजानंही नाही. लोकं हासले असते. एवढंच? एवढ्यासाठी? स्वतःच्याच तोंडाकडे पाहता आलं असतं तर ते पाहत राहिले असते.

ते उठले. धोतराचा सोगा पायात आला, तो सावरलाही नाही. वऱ्हांड्यात आले तेव्हा प्रभाकरराव पार दुसऱ्या टोकाला, जिन्याशी पोचले होते. मध्ये माणसंच माणसं. रुग्ण, नातेवाईक, डबेवाले, नर्सबाया.

"प्रभाकररावऽऽऽ!"

अख्खा वऱ्हांडा थांबला. नर्स ओरडली, "अहो, दवाखाना आहे हा!" पण अण्णाजी काय थांबतात! "प्रभाकरराव, शाल नका देऊ मले! टाकीत हवा म्या भरली होती! सहा गड्यांनं टाकी ओढून भरली! अन् तुमी बोलून राह्यले होते तवा मले समजलं होतं! समजलं होतं, अन् तरी म्या तिले सांगतलं नाई! कॉक बंद कराले गेलो, का माह्यी फजिती होऊ नये म्हणून! आयकून घ्या साऱ्यायनं, म्या सांगतलं नाई!"

लोक वळून वळून पाहू लागले. कोणी हसलं नाही. हेच तर पुन्हा मारणारं होतं, की एकही माणूस हसला नाही. प्रभाकरराव होते तिथंच उभे राहिले, हात कठड्यावर ठेवून.  शेवटी ते पायऱ्या उतरून गेले.

अण्णाजी खोलीत परत आले. पाय ओढत खाटेपाशी खाली जमिनीवरच बसले. वर बसायची हिंमत झाली नाही. घसा खरखरीत झाला होता. त्यांना वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, शिवी देईल, निदान पाणी मागेल. अनुसयाबाई तशाच पडून होत्या, भिंतीकडे तोंड करून, पट्टीतला उजवा हात छातीवर घेऊन.

मग त्या म्हणाल्या, "इतका मोठा आवाज होता तं तुमच्याजवळ."